डॅशबोर्डची खालची कड

शाळेसमोरचा तो गतिरोधक अगदीच मामुली होता. रंग उडालेला, मधोमध खचलेला. सायकलवाले त्याच्यावरून जाताना बोलणंसुद्धा थांबवत नसत. पण डॉक्टरबाईंच्या वडिलांची जुनी गाडी त्याच्यावरून गेली तेव्हा पुढे कुठेतरी कट् असा आवाज झाला, डॅशबोर्डवर अंथरलेली जाड चटई एका बाजूने घसरली, आणि तिच्याखालून तळहाताएवढा एक तुकडा सुटून डॉक्टरबाईंच्या मांडीत येऊन पडला. वर काळपट हिरवं रेक्झिन, उन्हाने वाळून कडक झालेलं. खाली पिवळा पडलेला फोम, बोट लावलं की भुगा होणारा. आणि रेक्झिनवर, अगदी मधोमध, दोन लहानशा खाचा शेजारी शेजारी. त्या खाचांकडे त्यांनी पाहिलं मात्र, त्यांची जीभ आपोआप वरच्या पुढच्या दातावर गेली. दाताला कॅप होती, ती जागच्या जागी होती. "काय पडलं?" गाडी चालवणाऱ्या नवऱ्याने रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं. सगळी नोकरी विमा कंपनीत झाल्यामुळे काहीही पडलं की जबाबदारी कुणाची हे त्याला आधी ठरवायचं असे. "माझे दात," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि तुकडा धरलेला त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. गेले काही महिने थरथरायचा तसाच. नवऱ्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

ही गाडी घरात आली तेव्हा डॉक्टरबाई डॉक्टर नव्हत्या आणि बाईही नव्हत्या. नुसती चिमी होती. पोरांनी मागे बसायचं असतं, पट्टे बांधायचे असतात, असलं काही तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. पुढच्या सीटवर आई बसायची आणि आईच्या गुडघ्यांना टेकून चिमी उभी राहायची, तोंड काचेकडे, दोन्ही हात डॅशबोर्डच्या कडेवर. नव्या रेक्झिनचा वास तिला इतका आवडायचा की नाक टेकवून ती तो आत ओढून घ्यायची. "कड नीट धर गं," वडील प्रत्येक वळणावर सांगायचे. आणि एक दिवस उतारावर कुणाची तरी भाजीची हातगाडी आडवी आली, वडिलांनी सगळा जोर लावून ब्रेक दाबला, आणि चिमीच्या तोंडात एकदम मीठ आणि रेक्झिन आणि खडे भरले. त्यातला एक खडा तिचाच होता, पुढच्या दाताचा अर्धा तुकडा. हातगाडीवाला शिव्या देत होता, वडील स्टेअरिंगला धरून तसेच बसून राहिले होते, आणि आई तिच्या तोंडाला पदर दाबता दाबता म्हणत होती, "हात सोडला हिने. शंभरदा सांगितलं धर म्हणून. धर म्हणून नाही मेलीच्या हाताला." ते वाक्य घरात राहायला आलं. पाहुण्यांना सांगताना, शेजारणीला सांगताना, बशी फुटली की, बाटली कलंडली की, शाळेत कसल्याशा शर्यतीत चिमीच्या हातून काठी निसटली तेव्हा तर हमखासच. धर म्हणून नाही हिच्या हाताला. वडील मात्र त्यावर कधी बोलले नाहीत. त्यांनी एक जाड चटई आणून डॅशबोर्डवर अंथरली, दातांच्या खुणा तिच्याखाली गेल्या, आणि त्यानंतर ते गाडी इतकी हळू चालवू लागले की पायी जाणारी माणसं वाकून आत बघत. 'कड धर' असंही ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. चिमीला वाटायचं, आता सांगून उपयोग नाही हे त्यांनाही पटलेलं दिसतंय.

पुढे ती दातांची डॉक्टर झाली, हा काही योगायोग नव्हता. तुटलेल्या दातावर कॅप बसवणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांचे हात तिने अगदी जवळून पाहिले होते, नाकाच्या शेंड्यावरून, आणि ते हात काहीच सोडत नव्हते. असे हात आपल्याला हवेत, एवढंच तिला कळलं होतं. आणि ते झाले की तसे. डॉक्टरबाईंच्या हाताची कीर्ती अशी की सुईला घाबरणारी मोठमोठी माणसं त्यांच्या खुर्चीत घोरत. आईची दाढ त्यांनीच काढली, भूल दिलेल्या वाकड्या तोंडाने आई शेवटपर्यंत म्हणत होती, "चिमे, नीट धर हं, घशात पडेल." दाढ पडली नाही. आईचं मत मात्र होतं तिथेच राहिलं. आणि मग, इतक्या वर्षांनी, एका सकाळी डॉक्टरबाईंनी आरसा उचलला आणि आरशातला दात हलताना दिसला. दात हलत नव्हता. मेंदूच्या डॉक्टरांनी सगळं तपासून हसत सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, वयाचं आहे, काहींना होतं असं. त्यांना खरंच घाबरण्यासारखं नव्हतं. ते कुणाच्या तोंडात टोकदार हत्यार घालत नव्हते. डॉक्टरबाईंनी काही होण्याआधीच दवाखाना बंद केला. बाहेरची पाटी स्वतः उतरवली. घरी सगळे अतिशय समजूतदारपणे वागू लागले, आणि तेच सहन होत नव्हतं. भाजी चिरायची सुरी हळूच दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात जायची. गाडीच्या किल्ल्या नवऱ्याच्या खिशात राहू लागल्या. आणि चहाचा कप अर्धा भरून यायचा. सांडू नये म्हणून. नवरा अर्धा कप समोर ठेवायचा, आणि स्वतःचा पूर्ण भरलेला कप घेऊन पेपर वाचत बसायचा. त्या अर्ध्या कपाकडे बघून डॉक्टरबाईंना आईचा आवाज ऐकू यायचा.

सीट कव्हरं शिवणाऱ्या कुशनवाल्याने गाडीत डोकं घातलं, चटई उचलली आणि तो चुकचुकला. डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगाच भेगा, काही नुसत्या केसासारख्या, काही बोट जाईल एवढ्या. "बाई, हे गेलं. ह्याच्यावर मी फायबरचा साचा बसवून देतो. वरून चिकटवायचा की झालं. आतलं कुणाला दिसतंय?" नवरा लगेच म्हणाला, "अगदी बरोबर. सुटसुटीत काम." डॉक्टरबाईंच्या हातात तो तुकडा होता, पिशवीत घालून आणलेला. "कीड तशीच ठेवून वर कॅप बसवायची नाही," त्या म्हणाल्या, "आख्खा जन्म मी लोकांना हेच सांगत आले." कुशनवाला हसला. मीटरांवरच्या फुगीर छपराकडे बोट दाखवत त्याने सांगितलं, की मेलेलं तेवढं काढून, भेगा भरून वरून नवं रेक्झिन ओढायचं म्हटलं तर ते इथे फाटतं. हे वळण फार खोल आहे. आणि ह्या रंगाचा, ह्या सुरकुत्यांचा माल आता निघत नाही. त्याच्याकडे एका जुन्या रोलचा शेवटचा तुकडा आहे तेवढाच. तो फाटला की संपलं. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं, आणि मग टेकवायचं. पण एकदा टेकलं की टेकलं, उचलायला गेलात तर फोमसकट वर येतं. "मी नाही करत बाई असलं काम. मला झोप लागणार नाही." "तुम्ही नकाच करू," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही फक्त सोडवून द्या. करणार मी." नवऱ्याने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग हाताकडे. त्या नजरेने त्यांचं ठरलं. हे जमलं तर हात आपला. नाही जमलं तर अर्धा कप, आणि तोही कायमचा.

काच निघाली, स्टेअरिंग निघालं, मीटर निघाले, आणि डॅशबोर्ड चादरीत गुंडाळून घरी आला. घराच्या तळमजल्यावरच बंद दवाखाना होता. औषधांची कपाटं रिकामी झाली होती, पण पेशंटची खुर्ची अजून होती. एक तरुण डॉक्टर ती नेणार होता, त्याला वाहन मिळालं नव्हतं. त्या खुर्चीवर डॅशबोर्ड आडवा ठेवला तेव्हा तो खुर्चीच्या दोन्ही हातांवरून थोडा थोडा बाहेर आला, एखादा उंच माणूस बसल्यासारखा. डॉक्टरबाईंनी पायाने खुर्ची वर घेतली, मागे झुकवली, डोक्यावरचा दिवा ओढून त्याच्यावर रोखला. दिव्याच्या त्या पांढऱ्या वर्तुळात भेगा अशा उघड्या पडल्या की त्या नकळत म्हणाल्या, "कधीपासून दुखतंय?" दारात उभा असलेला नवरा हसला. "ह्याचा क्लेम मंजूर होणार नाही, डॉक्टर. आधीपासूनचा आजार आहे." बरेच दिवस तो असा सहज हसला नव्हता. डॉक्टरबाईंनी एप्रन चढवला. एप्रनच्या खिशात अजून कुणा मुलाला द्यायची रंगीत चिकटचित्रं होती.

पहिले दिवस त्यांच्या ओळखीचे होते. भेग दिसते त्याहून आत रुंद असते, म्हणून आधी ती उघडायची, मेलेला भाग सगळा खरवडून काढायचा, निरोगी कड लागेपर्यंत. दातांच्या डॉक्टरचा हात कधी हवेत नसतो; करंगळीशेजारचं बोट शेजारच्या दातावर टेकलेलं असतं, आणि सगळा हात त्या बोटाच्या आधाराने काम करतो. इथे बोट टेकायला शेजारचा चांगला भाग होता. बोट टेकलं की थरथर निम्मी होई. खोलीत जुन्या फोमचा वास भरला, नाकाच्या शेंड्यावर पिवळी धूळ बसली, आणि कधीतरी बाहेरचा आवाज थांबून फक्त खरवडण्याचा आवाज उरला की त्यांना वाटायचं, बाहेर बाकावर अजून पेशंट बसलेले आहेत आणि आपण पुढच्याला हाक मारणार आहोत. सुटलेला तुकडा त्यांनी त्याच्या जागी परत बसवला, आणि सगळ्या भेगा आपल्याच खणात उरलेल्या दात भरायच्या सिमेंटने भरल्या. दोन दातांच्या खाचासुद्धा. त्यांच्यावरून हत्यार फिरवताना त्यांना वाटलं होतं, आत काहीतरी हलेल. काही हललं नाही. दात तुटला होता, त्यावर इलाज झाला होता, तो विषय मिटला होता. भरून झालं, घासून झालं, हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत. त्या रात्रभर शांत झोपल्या. सकाळी नवऱ्याला बोलावून दाखवायला म्हणून त्यांनी डॅशबोर्ड एका टोकाला जरासा उचलला आणि सगळ्या भेगा, एकामागून एक, टकटक वाजत पुन्हा उघडल्या.

दात वाकत नाहीत. आयुष्यभर न वाकणाऱ्या गोष्टीत न वाकणारी गोष्ट भरायची सवय, आणि ही चूक त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी केलीच नसती. डॅशबोर्ड गाडीबरोबर पिळतो, उन्हात फुगतो, थंडीत आखडतो. त्याला भरायची ती बंपरला लावतात तसली लवचिक पुट्टी. कुशनवाल्याने फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याचं हसू त्याला आवरत नव्हतं. "सिमेंट भरलंत? दातांचं?" नवऱ्याने चहा आणून ठेवला. कप अर्धा होता. डॉक्टरबाई फिरत्या स्टुलावर बसून राहिल्या. त्या अर्ध्या कपातून वाफसुद्धा कमीच येत होती, असं त्यांना वाटलं. मनात आलं, करावा तो साचा. कुणाला दिसतंय आतलं. आईचं सगळं घर असंच झाकलेलं असायचं, रेडिओवर टोपरं, टेबलावर प्लास्टिक, प्लास्टिकवर कापड, आणि ते कापड मळू नये म्हणून त्याच्यावर वर्तमानपत्र. आणि वडिलांनी चटई अंथरली ती काय वेगळी होती? झाकलं की पुढे जाता येतं. सगळे गेलेच की पुढे. सिमेंट काढायला तर हवंच होतं, साचा बसवायचा तरी. त्यांनी डॅशबोर्ड उलटा केला, कारण खालून धक्का दिला तर भरलेलं सुटून येईल. आणि दिवा जवळ ओढला.

पुढची कड खालच्या बाजूला वळून आत जात होती. तिथे ऊन कधीच पोचलं नव्हतं. तिथलं रेक्झिन अजून मऊ होतं, अजून खरं हिरवं होतं, आणि डॉक्टरबाईंनी नाक खाली नेलं तर अगदी पुसट असा तोच वास होता. मग त्यांना त्या दिसल्या. आधी वाटलं, कसला तरी किडा चावलाय. चंद्रकोरी. लहान लहान, रेक्झिन कापून आत गेलेल्या, डाव्या बाजूला चार एका ओळीत; आणि थोड्या अंतरावर उजव्या बाजूलाही तशाच चार. वरच्या बाजूला दातांच्या खाचा होत्या त्या बरोबर ह्या दोन ओळींच्या मधोमध. त्यांनी आपली बोटं तिथे नेली. बोटं मोठी होती, दोन चंद्रकोरींवर एकच नख बसत होतं. पण दिशा तीच, वाक तोच, वरून कड धरावी आणि बोटं खाली आकड्यासारखी अडकवावीत तसाच. नखं. नखं रुतली होती, रेक्झिनच्या आरपार. इतक्या जोराने धरलं होतं.

ती जागा त्या बघत राहिल्या, आणि उतार आला, हातगाडी आली, तोंडात मीठ आलं, पण ह्या वेळी त्यांना बोटंही आठवली. दुखणारी, आखडलेली, आणि आईने ती एक एक करून कडेवरून सोडवली होती. सोडवली होती! हात सुटलेले असते तर सोडवायचं काय होतं? धरलं होतं म्हणूनच तर तोंड कडेवर आपटलं. सोडलं असतं तर कडेवरून सरळ काचेत गेली असती चिमी. अर्ध्या दातावर निभावलं ते ह्या आठ बोटांमुळे. डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. रिकाम्या दवाखान्यात ते हसू दोनदा ऐकू आलं. मग त्या रडल्या, अगदी सरळ, एप्रनला डोळे पुसत, आणि रडता रडता त्यांना राग आला, आणि राग आल्याबरोबर त्यांनी आईला फोन लावला.

आई भावाकडे राहत होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला. ऐकू तिला तिच्या सोयीने यायचं. "आई, मी हात सोडला नव्हता." "कसला हात?" "गाडीत. लहानपणी. दात तुटला तेव्हा. मी धरून होते. नखांच्या खुणा आहेत खालच्या बाजूला." पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" आई म्हणाली. "मला कुठे माहीत होतं? तुम्ही सांगितलंत तेच मला आठवत राहिलं." "हं," आई म्हणाली. "जेवलीस का?" डॉक्टरबाईंना ह्यापेक्षा जास्त काही हवं होतं, पण आई म्हणजे आई. "नीट झाली गाडी की आण इकडे," फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "बघू काय ते." आणि फोन ठेवल्यावर डॉक्टरबाईंनी तो चहा, तसाच, गार झालेला, उभ्या उभ्या पिऊन टाकला.

सिमेंट काढलं. पुट्टी भरली, ती वाळली, घासली, पुन्हा भरली. ह्या वेळी टोक उचललं तेव्हा काही वाजलं नाही. पुट्टी डॅशबोर्डबरोबर वाकली आणि परत सरळ झाली. कुशनवाल्याचा तो शेवटचा तुकडा आला, गुंडाळी करून. तो त्यांनी टेबलावर उलगडला, पाठीवरून हात फिरवला. आता करंगळीशेजारचं बोट टेकायला जागा नव्हती. रेक्झिन ओढायचं म्हणजे दोन्ही हात हवेत, कोपरांपासून मोकळे. ह्याच एका गोष्टीची त्यांना भीती होती. रेक्झिन मऊ करायला गरम हवा सोडणारी हीट गन नवऱ्याच्या हातात होती. त्याने ती दोन्ही हातांनी, अंगापासून लांब, चावेल अशा भीतीने धरली होती, आणि जवळ पाण्याची बादली भरून ठेवली होती. "बादली कशाला?" "असू दे." दुपारचं ऊन खिडकीतून येत होतं. सोल्यूशनचा वास डोक्यात जात होता. त्यांनी बोट लावून पाहिलं. चिकटत नव्हतं. वेळ झाली होती.

मधली रेघ आधी. ती टेकली, सरळ टेकली, आणि मग तिथून परत फिरणं नव्हतं. डावी बाजू सोपी होती, कप्प्याच्या वरची सपाट जागा, रेक्झिन आपणहून बसत गेलं. हात थरथरत होते; पण सपाट जागेवर थरथर चालून गेली. मग मीटरांवरचं छप्पर आलं. "इथे गरम करा. हलवत राहा, एका जागी धरू नका." रेक्झिन मऊ झालं, त्यांनी दोन्ही मुठींत कड पकडली आणि खाली ओढली, आणि छपराच्या कोपऱ्यात एक सुरकुती उभी राहिली, जाड, बोटाएवढी. त्यांनी आणखी ओढलं. सुरकुती थोडी बसली, आणि वळणाच्या माथ्यावर रेक्झिनचा रंग फिका पडू लागला. ताण आला की फाटण्याआधी ते असं पांढुरकं पडतं, कुशनवाल्याने सांगितलं होतं. "सोड," नवरा ओरडला, "डॉक्टर, सोड, फाटतंय! सोड गं!" सोडणं सोपं होतं. सगळं अंग सोडायला तयार होतं. डॉक्टरबाईंनी पाय रोवले, कोपरं अंगाशी घेतली आणि बोटं कडेच्या खाली आकड्यासारखी वळवली. नखं रुतली. "गरम करा," त्या म्हणाल्या, आवाज इतका शांत की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही, "मी धरलंय." आणि तेव्हा त्यांनी हाताकडे पाहिलं. हात हलत नव्हता. आरसा धरताना थरथरणारा, चमचा धरताना थरथरणारा, चिमूटभर काही धरलं की पानासारखा हलणारा हात, आता सगळा जोर लावून धरलेला असताना जागच्या जागी होता. कमी धरायला लावलं म्हणून तो थरथरत होता तर! अर्धा कप दिला म्हणून! त्यांनी श्वास सोडला आणि ओढलं. रेक्झिनने एक लांब सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला, सुरकुती आडवी झाली, सपाट झाली, नाहीशी झाली, फिका पडलेला माथा हळूहळू पुन्हा हिरवा झाला, आणि छप्पर बसलं. कुठेही फाटलं नाही. कुठेही फुगा नाही. नवरा हीट गन तशीच वर धरून उभा होता, ती आता छताला ऊब देत होती. "बंद करा ती," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्याने ती बंद केली, बादलीशेजारी ठेवली, आणि काय करावं न सुचून टाळ्या वाजवल्या. एकटाच, बराच वेळ. डॉक्टरबाईंनी खुर्चीला पाठ टेकली. बोटं आखडली होती, एक एक करून सोडवावी लागली. आणि ती त्यांनी स्वतःच सोडवली, घाई न करता. "चहा टाका," त्या म्हणाल्या, "आणि कप काठोकाठ भरा." "सांडेल." "सांडला तर मी पुसेन." त्याने भरला. बशीत थोडा सांडला, तो त्यांनी बशीला तोंड लावून पिऊन टाकला, आणि बाकीचा मजेत, शेवटच्या घोटापर्यंत.

कुशनवाला डॅशबोर्ड न्यायला आला तेव्हा चष्मा पुसून पुसून त्याने छपराचं वळण पाहिलं, अंगठ्याने दाबून पाहिलं, नखाने टोक उचलून पाहिलं. "च्यायला," तो म्हणाला, आणि बाईंसमोर म्हणालो म्हणून जीभ चावली. मग उलटा करून त्याने खालची बाजू पाहिली आणि त्याला एकदम हायसं वाटलेलं दिसलं. "बाई, इथे राहिलं बघा. खालची कड तेवढी राहिली झाकायची." कडेच्या खाली, एका वीतभर जागेत, नवं रेक्झिन अलीकडेच थांबलं होतं आणि जुनी हिरवी पट्टी उघडी होती, आणि नव्या रेक्झिनची कड सुटू नये म्हणून तिला बारीक, एकसारखे टाके घातलेले होते, हिरडी शिवायच्या वाकड्या सुईने. ते घालताना करंगळीशेजारचं बोट टेकायला जागा होती. "राहिली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ठेवलीय." कुशनवाल्याला काही कळलं नाही, पण टाके त्याने पुन्हा एकदा पाहिले, आणि कुणी शिकवलं म्हणून विचारलं. "हिरड्यांनी," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी सकाळी नवऱ्याने खिशातून किल्ल्या काढल्या, आणि चालकाच्या दाराशी जाऊन उभा राहिला, आणि मग, किल्ल्या डॉक्टरबाईंच्या हातात देऊन, वळसा घालून मागे जाऊन बसला. आई पुढे बसणार होती. आईला भावाच्या घरून उचलून गाडीत ठेवणं हा एक कार्यक्रमच झाला. आधी काठी, मग आई, मग आईची उशी. बसल्यावर तिने नव्या डॅशबोर्डकडे पाहिलं. चटई नव्हती. ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि सगळीकडून सारखं परत येत होतं. "चांगला झालाय," ती म्हणाली, "वर काहीतरी अंथरून टाक. खराब होईल." मागून नवरा खाकरला. डॉक्टरबाईंनी आईचा हात हातात घेतला, हलकासा, हाडंच उरलेला, आणि कडेच्या खाली नेला. आईची बोटं आता लहान झाली होती, म्हातारपणी होतात तशी, आकसून. ती उघड्या पट्टीवरून फिरत गेली, थांबली, मागे आली. एका चंद्रकोरीत तिचं नख बसलं. मग दुसऱ्या. बराच वेळ तिने हात काढला नाही. तिचे ओठ हलत होते, मोजत असावी. मग तिने मान वळवली, पण लेकीकडे नाही. मागे बसलेल्या जावयाकडे. "पाहिलंत?" ती म्हणाली, ठणठणीत आवाजात, जणू कुणीतरी तिच्याशी इतकी वर्षं वाद घालत होतं. "पहिल्यापासून धर आहे हो हिच्या हाताला. मी कायमच सांगत आले."

डॉक्टरबाईंच्या छातीत काहीतरी इतकं मोठं भरून आलं की भांडायला तिथे जागाच उरली नाही. त्यांनी स्टेअरिंग पकडलं, दोन्ही हातांनी, घट्ट, आणि गाडी रस्त्यावर घेतली. शाळेसमोर तो गतिरोधक आला तसा त्यांनी ब्रेक हलकेच दाबला. आईचा हात अजून कडेच्या खालीच होता. "धर हं आई," डॉक्टरबाई म्हणाल्या. आईने धरलं, आणि गाडी वर चढून अलगद पलीकडे उतरली.